बुरशीचं बाळंतपण

बंद खोली. खिडक्यांना गोणपाटं ठोकलेली. आत मंद शेगडी, वर ओव्याची धुरी, आणि दाराशी पदर खोचून बसलेली माझी आत्या, जी पायताण घातलेल्या माणसाला उंबरा ओलांडू देत नाही. बाया येतात, हळू आवाजात विचारतात, "कसं हाय आतलं?" आत्या म्हणते, "हाय, उबेला हाय."

आता तुम्ही म्हणाल, कळलं, घरात बाळंतीण आहे. घुगऱ्यांसाठी वाटी पुढं केली असेल तर मागं घ्या. आत माणूस नव्हतं. आत होता गव्हाचा कोंडा, आणि त्याच्यावर वाढत होती बुरशी. शिळ्या भाकरीवर दिसली की तुम्ही जिला नाक मुरडून गुरांपुढं टाकता, तिचीच चुलत बहीण. नाक मुरडून झालं असेल तर पुढं सांगतो.

हे पन्नास सालानंतरचं. चिंचवडला तेव्हा स्टेशनाबाहेर पडलं की ज्वारीच लागायची. मुंबई रस्त्याच्या कडेनं एकेका कारखान्याचे पाये खणायला नुकती सुरुवात झालेली. त्या सगळ्यांत सगळ्यात फाटका कारखाना आमचा. एक पत्र्याची लांब शेड, मधे पत्र्याचाच आडोसा, आडोशाच्या एका अंगाला कोंडा वाफवायचा मोठा पिंप आणि दुसऱ्या अंगाला ही खोली. तळेगावच्या शाळेतून मॅट्रिक होऊन मी तिथं लागलो होतो. काम काय, तर कोंडा भिजवणं, वाफवलेला कोंडा बांबूच्या पसरट परड्यांत पसरणं आणि परड्या मांडणीवर चढवणं. आणि मधल्या वेळात नकला. स्टेशनमास्तर, एस्टीचा कंडक्टर, आमचे गणिताचे मास्तर, शेळी, सगळं यायचं. शेळी सगळ्यात सोपी. मास्तर अवघड, कारण त्यांचा आवाज काढला की माझीच पाठ हुळहुळायची.

कोंड्याला बुरशी कशासाठी, हे आमच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं. साहेब पुण्याचे, कॉलेजात शिकलेले, नाकातून बोलणारे. प्रत्येक वाक्य "हे पहा" नं सुरू. घसा साफ करायचा, मग "हे पहा". तर हे पहा, कापडाच्या गिरणीत सुताला खळ लावतात. रंगवायच्या आधी ती खळ काढावी लागते. ही बुरशी कोंड्यावर वाढताना असा रस तयार करते की तो खळ खाऊन टाकतो. बुरशी वाढली की परडीतला कोंडा वाळवायचा, दळायचा, पूड गिरणीला द्यायची. पिठाच्या गिरणीनं टाकून दिलेला कोंडा कापडाच्या गिरणीत मानानं जाणार. मला ते फार आवडलं होतं. मीही मॅट्रिकला तिसऱ्या खेपेला सुटलेला माणूस.

पण तोवर आमची एकही खेप धड निघाली नव्हती. कधी आंबली, कधी काळी पडली. शेवटी साहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं की सोलापूरकडच्या एका गिरणीचे पाहुणे येणार आहेत. त्यांना ही खेप पटली तर शेड चालेल, नाही पटली तर कुलूप.

आम्हाला कुलपाचं काय, मी कुठंही शेळी झालो असतो. धसका घेतला आत्यानं. आत्या चाकणची. इथं येण्याआधी तिनं जन्म काढला तो कांद्याच्या बाजारात, उन्हात उकिडवं बसून कांदा निवडण्यात. ती म्हणायची, "सासरी जेवढी रडली न्हाई, तेवढी त्या कांद्यापायी रडली." इथं सावली होती, बसायला पाट होता, आणि पाच-सहा बाया तिच्या हाताखाली होत्या. त्या तिला विचारल्याशिवाय परडीला बोट लावत नसत. शेडला कुलूप म्हणजे आत्याला परत कांदा.

त्यातच साहेबांच्या घरी पहिलं बाळंतपण जवळ आलं. बाईसाहेब पुण्याला माहेरी. साहेबांचा जीव थाऱ्यावर नव्हता. नवी खेप लावून झाली आणि ते निघाले. त्यांची सायकल पंक्चर, म्हणून ती वाफेचा पिंप सांभाळणाऱ्या चाचांकडं टाकली आणि पायीच स्टेशन गाठलं. चाचा तळेगावचे, पिंपापासून सायकलीपर्यंत जे जे फुसफुसतं ते सगळं दुरुस्त करायचे. जाता जाता साहेबांनी आत्याला सांगितलं की खोली उबदार ठेवा, पण कोंडू नका, आत तापायला लागलं की खिडकी उघडा.

आत्यानं यातलं "उबदार" तेवढं घेतलं. बाकीचं साहेबांच्या मागोमाग पुण्याला गेलं.

आणि तिचं तरी काय चुकलं? ऊब द्यायची, वाढवायचं, आणि आठ दिवस डोळ्यांत तेल घालून जपायचं, हे आमच्याकडं एकाच खोलीत होतं. आत्यानं तिच्या आयुष्यात निम्म्या चाकणची बाळंतपणं केलेली. तिनं खिडक्यांना गोणपाटं ठोकून घेतली. शेगडी आणली. संध्याकाळी निखाऱ्यावर ओवा आणि लसणाची टरफलं टाकून धुरी दिली. मांडणीखाली विळा ठेवला. चौकटीला काजळाचा ठिपका लावला. आम्ही भुरभुरीत पसरलेला कोंडा बायांनी तळहातानं असा छान थापून बसवला की वाटावं आता तव्यावर टाकतील. एकीनं विचारलंसुद्धा, पाचवी पुजायची का. आत्या विचारात पडली होती, खोटं नाही सांगत.

दुसऱ्या दिवशी मी आत गेलो तर तोंडावर कुणीतरी गरम ओलं धोतर टाकल्यासारखं झालं. पत्र्यावरून थेंब गळत होते. शेगडी तर विझलेली होती. म्हणजे एवढी आग कोंड्याची स्वतःची. परडीत हात घातला तर चटका बसेल असं वाटलं. आणि वास. चांगल्या बुरशीला पहिल्या पावसानंतरच्या पालापाचोळ्यासारखा वास येतो. इथं ताक विसरलेल्या मडक्याचा येत होता. कोंडा चिकट, वरून तकतकीत, बोटाला तार सुटत होती.

मी नाक धरून शेवटपर्यंत गेलो. कोपऱ्यातल्या खिडकीची एक काच फुटलेली होती, आणि तिथल्या चौकटीत खिळाच ठरत नव्हता, म्हणून गोणपाट एका बाजूनं लोंबत होतं. तिथून वारा येत होता, जोराचा नाही, कुणीतरी झोपेत फुंकर घालावी तेवढाच. त्याच्यासमोरच्या परडीत काय पाहतो, तर पांढरीशुभ्र लव. पिंजून ठेवलेल्या कापसासारखी. परडीभर एकसारखी. हात लावला तर कोमट, वास पालापाचोळ्याचा.

मी ती परडी उचलून आत्यापुढं नेली. म्हटलं, बघ, वारा लागला तिथं धरलीय, कोंडलं तिथं आंबलीय. बाया गोळा झाल्या. आत्यानं परडी निरखून पाहिली आणि निकाल दिला, "ही म्या भरल्याली परडी हाय. हातगुण असतो एकेकाचा. लोणच्याचं बघत न्हाईस का?"

मी म्हटलं, "आत्या, कांदा चाळीत ठेवतात तेव्हा चाळीला चारी बाजूंनी वारा का ठेवतात? कोंडला की सडतो म्हणूनच ना? तूच सांगायचीस."

"कांदा काय बाळंतीण हाय व्हय?"

"मग कोंडा आहे का?"

बायांपैकी एक फिसकन हसली. तिथंच माझं काम बिघडलं. आत्याचा चेहरा झाकण लावल्यासारखा बंद झाला. सगळ्यांदेखत भाच्याचं ऐकून गोणपाटं काढायची म्हणजे कालचा विळा, कालची धुरी, कालचा ठिपका, सगळंच हसण्यावारी गेलं असतं. ती म्हणाली, "साहेबांनी सांगू दे. साहेब म्हनलं तर उघडते. तुज्या म्हनन्यानं न्हाई."

आता साहेब पुण्यात. आणि कोंडा तर तासागणिक आंबत चाललेला. पण साहेब म्हणजे तरी काय, राव? नाक आणि घसा.

मी आडोशाच्या मागं चाचांकडं गेलो. साहेबांची सायकल तिथंच पत्र्याला टेकून उभी होती. तिची घंटी वाजवली. ब्रेकचा कर्रर आवाज तोंडानं काढला, तो मला सायकलीपेक्षा चांगला जमतो. चाचांनी पान थुंकायचं थांबवून माझ्याकडं पाहिलं. मी घसा साफ केला आणि नाकातून सोडलं, "हे पहा, कोण आहे तिकडे?"

आडोशापलीकडं पाट सरकला. मग आत्याचा आवाज, "जी साहेब."

"हे पहा, निम्म्या खिडक्या उघडा. शेगडी बाहेर काढा. कोंडा हाताने मोकळा करा, थापू नका, वारा आतून फिरला पाहिजे. मला लगेच परत जायचंय."

इथपर्यंत झकास झालं. सायकलीची घंटी वाजवून मी निघणार, तेवढ्यात आत्यानं विचारलं, "बाईसाहेब कशा हायत?"

"बऱ्या आहेत."

"मोकळ्या झाल्या का?"

नकलाकाराचा घात नेहमी इथं होतो. पाठ केलेलं संपतं आणि लोक प्रश्न विचारतात. चाचा तोंडावर फडकं धरून हलत होते. मी म्हणून बसलो, "हो. मुलगी झाली." आणि घंटी वाजवत, ती लांब जातेय असं वाटावं म्हणून हातानं हळूहळू दाबत, विषय संपवला.

चाचा डोळे पुसत एवढंच म्हणाले, "बेटा, तू मरणार, आणि मलाबी घेऊन मरणार."

पण पलीकडं गोणपाटं टराटर निघाली. शेगडी बाहेर आली. बायांनी कोंडा बोटांनी मोकळा केला. मधल्या मांडणीवरच्या परड्यांना अजून फारसं काही झालं नव्हतं. रात्रीत त्यांनी असा रंग पकडला की सकाळी बघावं तर ओळीनं कापसाची दुकानं. मागच्या भिंतीजवळच्या मात्र हातच्या गेल्या होत्या, त्या काही परतल्या नाहीत.

एवढ्यावर थांबलो असतो तर ही गोष्ट कीर्तनात सांगण्यासारखी झाली असती. पण एकदा टाळ्या पडल्या की माणूस दुसऱ्यांदा स्टेजवर जातोच. माझा हिशेब साधा होता. थोड्या वाऱ्यानं एवढं झालं, तर पुष्कळ वाऱ्यानं केवढं होईल. पुन्हा घंटी, पुन्हा कर्रर, पुन्हा घसा. "हे पहा, सगळ्या खिडक्या सताड उघडा. माझ्या टेबलावरचा पंखा आणा आणि लावा."

दिवस थंडीचे. मावळाकडून येणारा वारा कोरडा ठणठणीत, ओठ फोडणारा. त्यात पंखा. दुपारपर्यंत खिडकीजवळच्या परड्यांतला कोंडा वाळून कुरकुरीत झाला, आणि पांढऱ्या लवेवर हिरवट पूड धरली. बुरशीचं असं आहे, तिला वाटलं आता तहानेनं मरतेय की ती वाढायचं सोडून बी टाकते. ते बी पंख्यानं उडालं. खोलीभर हिरवा धुरळा, आणि बाया ओळीनं शिंकतायत, एकीची संपली की दुसरीची. आत्यानं कुणालाही न विचारता पंख्याची वायर उपटली, वाऱ्याकडच्या खिडक्या लावून घेतल्या आणि आडोशाकडं एकदा पाहिलं. नुसतं पाहिलं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पाहुणे आले त्या दिवशी साहेब त्यांना स्टेशनावरून टांग्यातून घेऊन आले. खोलीच्या दारात साहेबांनी पाऊल टाकलं आणि आत बघून त्यांचा रंग उडाला. डावीकडं हिरवं वाळवंट, मागं काळा चिखल, मधे तेवढं पांढरं. आत्या भिंतीला लागून उभी. हाताच्या मुठी पदरात. तिच्या डोळ्यांपुढं कांद्याची रास स्पष्ट दिसत असणार, कारण मलासुद्धा दिसत होती.

 मग साहेबांनी घसा साफ केला, आणि मी आजवर जेवढी माणसं बोलताना ऐकली त्यांत त्यांच्याइतका पट्टीचा सोंगाड्या मला दुसरा भेटला नाही.

"हे पहा," ते पाहुण्यांना म्हणाले, "आम्ही मुद्दाम तिन्ही प्रकार करून ठेवलेत. या मागच्या परड्यांना हवा दिली नाही. बुरशी श्वास घेते, वाढताना तापते. ती ऊब बाहेर गेली नाही की ती स्वतःच्याच तापात मरते आणि आंबवणारे दुसरे जंतू राज्य करतात. या खिडकीकडच्या, यांना हवा जास्त दिली. ओल उडाली, वाढ थांबली, बी धरलं. आणि या मधल्या. हवा बेताची."

पाहुणा जाड, अबोल, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेला माणूस. त्यानं मधली परडी उचलली. कोंड्याची वडी मोडली, आतून पाहिली. पांढरे धागे आरपार गेलेले. मग खिशातून खळ लावलेल्या कापडाचा तुकडा काढला, पुठ्ठ्यासारखा ताठ. वाटीत कोमट पाणी घेतलं, त्यात कोंड्याचा चुरा कालवून तुकडा बुडवला आणि वाट पाहत बसला. सगळी शेड त्या वाटीभोवती. शिंका येत होत्या त्या बायांनीसुद्धा तोंडात पदर कोंबलेले. बऱ्याच वेळानं त्यानं तुकडा बाहेर काढला, पिळला, बोटांवर टाकला. तो जुन्या धोतरासारखा लोळला.

"पाठवा," पाहुणा म्हणाला. एवढंच.

आत्यानं डोळे मिटून घेतले. मग उघडले, आणि लगबगीनं मागं जाऊन चहा आणला. चहाबरोबर वाटीत साखर. ती साहेबांच्या हातावर ठेवत म्हणाली, "पहिली बेटी, लक्ष्मी आली घरात. त्वांड गोड करा."

साहेबांच्या हातात साखर, तोंड उघडं. "कुणाची बेटी?"

"तुमचीच की. तुमीच सांगितलं न्हवं का परवा, आडोशामागनं."

बाईसाहेब अजून अवघडलेल्याच होत्या. साहेब परवा पुण्यातच होते. पिंपामागं काहीतरी आपटल्याचा आवाज झाला, ते चाचा होते, हसू दाबता दाबता नट पिळायच्या पान्यावर बसले होते. मग एकेक करून सगळी तोंडं माझ्याकडं वळली. पाहुण्यानं तेवढ्यात दोन चिमट्या साखर खाऊन घेतली. (पुढं झाली ती मुलगीच, पण त्याचं श्रेय मला कुणी दिलं नाही.)

पाहुणे गेल्यावर साहेबांनी मला समोर उभं केलं. "हे पहा," त्यांनी सुरुवात केली, आणि बाया फस्सकन हसल्या. त्यांनी पुन्हा घसा साफ केला, बाया पुन्हा हसल्या. घसा साफ केल्याशिवाय रागवायचं कसं हे साहेबांना माहीत नव्हतं, आणि ते आता माझ्यामुळं कायमचं नासलं होतं. शेवटी हात झटकून ते टांग्याच्या मागं निघून गेले.

मला वाटलं सुटलो. मागं वळलो तर आत्या.

"बस खाली," ती म्हणाली. मी पायरीवर बसलो. "तुला काय वाटलं, मला कळलं न्हवतं? साहेबांची सायकल दोन दिस हितंच हुबी. आडोशाखालनं चाकं दिसत हुती मला. चाकं जाग्यावर, आन घंटी लांब चालल्याली. म्हनलं, पोरगं शाळेत न्हेमकं शिकलं काय."

"मग तू खिडक्या का उघडल्यास?"

"तू कांद्याचं म्हनलास तवाच उघडायच्या हुत्या मला. पन त्या बायांफुडं मी भाच्याचं ऐकून विळा उचलू? साहेबांनी सांगितलं म्हनून उचलला. त्येच्यात तुजं काय गेलं? न्हाई गेलं. तितवर बरं केलंस." तिनं श्वास घेतला, आणि मला कळलं की आत्तापर्यंतचं रागावणं नव्हतंच, ते आत्ता येतंय. "पन दुसऱ्यांदा कशाला त्वांड उचकटलंस रं? एकदा वारा गोड लागला म्हनून पंखा? कांद्याची चाळ बघून मोठा झालास, वारा सुटल्यावर वाऱ्याकडच्या अंगाला ताट्या लावत्यात, ते बघितलं न्हाईस? तेवढ्या परड्या वाळवल्यास, त्या तुज्या बानं भरल्या हुत्या का? त्या गेल्याच, मधल्याबी गेल्या असत्या, म्हंजे मी उद्या चाकणला उन्हात बसले असते, आन तू शेळी होऊन माज्यापशी बें बें करत आला असतास. आन बाळंतपनाचं खोटं बोलतुयास? अवघडल्या बाईचं? म्हनलं, पुन्याहून निरोप आला आसंल तुला, म्या खरं समजून साकर आनली रं मेल्या, बायांदेखत साहेबांचंच नाव घेतलं, बाकी सगळं सोंग वळखलं, येवढंच खरं वाटलं मला. जा. त्या मागल्या काळ्या परड्या उचल, नदीवर ने आन घासून आन. आन शिट्टीसुदिक वाजवायची न्हाई."